लेकाला पायलट व्हायचंय, लहानपणी एडीएचडीचं (लक्ष न लागणं, अतिचंचलता) निदान झालंय: अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या (एफएए) मेडिकलचा अनुभव असलेलं कुणी आहे का?

शिरीषफूल | ११ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक २० वर्षांचा, इथेच अमेरिकेत कॉलेजात आहे. डिसेंबरच्या सुट्टीत मित्राबरोबर छोट्या विमानातून एक चक्कर मारून आला आणि तेव्हापासून दुसरं काही बोलतच नाहीये. इन्स्ट्रक्टरने सांगितलंय की एकट्याने उडवायची वेळ येण्याआधी निदान थर्ड क्लास मेडिकल, म्हणजे एफएएचं सगळ्यात खालच्या पायरीचं आरोग्य सर्टिफिकेट, करून घे. म्हणून याने रात्री बसून मेडएक्सप्रेसचा, म्हणजे त्या मेडिकलच्या अर्जाचा, ऑनलाइन फॉर्म उघडला. प्रश्न १८ वर आला, "आयुष्यात कधीही" असं लिहिलेली ती लांबलचक यादी, त्यात मानसिक विकारांची ओळ. तिथे थांबून मला फोन केला. "आई, माझ्या त्या गोळ्या यात धरायच्या का?"

तर पार्श्वभूमी अशी. दुसरीत असताना बाईंची तक्रार आली की जागेवर बसत नाही, वही अर्धवट सोडतो. बालरोगतज्ज्ञांनी दोन तक्ते दिले, एक बाईंनी भरला, एक मी. दुसऱ्या भेटीत एडीएचडीचं निदान आणि मेथिलफेनिडेट, म्हणजे लक्ष लागण्यासाठीची गोळी. सगळं मिळून चाळीस मिनिटंही झाली नसतील. नववीत गोळ्या बंद केल्या, कारण जेवायचाच नाही आणि वजन वाढेना. तेव्हापासून काही नाही. मार्क उत्तम, गाडी चालवतो, पार्टटाइम नोकरी सांभाळतो.

यांचं म्हणणं, बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, 'नाही' लिहून टाक. मला झोप येत नाहीये. काय करावं?

सरळमार्ग | ११ जानेवारी

तुमच्या मिस्टरांशी सहमत. लहान मुलाच्या डॉक्टरची फाईल कोण उघडून बघतंय? अर्ध्या अमेरिकेतल्या मुलांना लहानपणी हे लेबल चिकटवलेलं असतं. 'नाही' लिहा आणि मोकळे व्हा.

पंखवाला | ११ जानेवारी

शिरीषताई, आधी एक काम करा. मुलाला फोन करून सांगा की फॉर्म आहे तिथेच सोडून दे, सबमिट करू नको. केला असेल तरी कन्फर्मेशन नंबर कुठल्याही डॉक्टरला देऊ नको. तो नंबर टाकून डॉक्टरने फॉर्म उघडला नाही तर अर्ज ६० दिवसांनी आपोआप गळून पडतो, काही बिघडत नाही. पण एकदा एएमईने, म्हणजे एफएएने नेमलेल्या तपासणी डॉक्टरने, तो फॉर्म उघडून तपासणी सुरू केली की ती अधिकृत झाली. मग त्याच्यापुढे तीनच वाटा: सर्टिफिकेट द्यायचं, नाकारायचं किंवा प्रकरण वर एफएएकडे पाठवायचं. 'राहू दे डॉक्टर, पुढच्या वर्षी येतो' असं म्हणायची सोय नाही.

त्यामुळे आधी फॉर्मशिवाय, नुसत्या सल्ल्यासाठी एएमईची वेळ घ्यायची. फोनवरच स्पष्ट सांगायचं की तपासणी नको, कन्सल्टेशन हवंय. शक्यतो हिम्स एएमई गाठा. हिम्स हा १९७०च्या दशकात दारूच्या आहारी गेलेल्या वैमानिकांना उपचार करून परत कामावर आणण्यासाठी सुरू झालेला कार्यक्रम. मानसिक आणि न्यूरोच्या गुंतागुंतीच्या फायली याच डॉक्टरांच्या हाताखालून जातात. (त्यामुळे ओळखीत कुणी 'हिम्सवाल्याकडे गेलाय' ऐकून भलतंच समजलं तर लक्ष देऊ नका.)

सरळमार्ग, तुमचा सल्ला कायद्यात गुन्हा आहे. फॉर्मवरच छापलंय: खोटं लिहिलं तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. कैद सहसा होत नाही हे खरं, पण सगळी लायसन्सं रद्द होतात. आणि हे आज उघडकीला आलं नाही तर पंधरा वर्षांनी येऊ शकतं, नोकरी लागल्यावर. २०२३ मध्ये सुमारे ४,८०० वैमानिकांची चौकशी चालू असल्याची बातमी आली होती. माजी सैनिक म्हणून अपंगत्वाचा भत्ता घेताना सांगितलेले आजार मेडिकलच्या फॉर्मवर लिहिलेले नव्हते. सरकारच्या दोन खात्यांनी याद्या ताडून पाहिल्या, एवढंच.

मेधावी_नाही | १२ जानेवारी

पंखवाला जे म्हणतायत ते न केलेला माणूस म्हणजे मी.

३४व्या वर्षी निदान झालं. गोळी सुरू केली आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की इतर लोक वीजबिल वेळेवर कसं भरतात. त्याच उत्साहात वाटलं, आता लहानपणीचं स्वप्न पुरं करू. शनिवारी फॉर्म भरला. सगळं खरं लिहिलं, गोळीचं नाव, डोस, सगळं. सोमवारी यादीतल्या पहिल्या एएमईकडे. ते गृहस्थ भले होते. म्हणाले, "हे तुम्ही मला आधी फोनवर सांगायला हवं होतं." प्रकरण वर गेलं. मग तिथून पत्र: अमुक चाचण्या, तमुक कागद, इतक्या दिवसांत. एडीएचडीवाल्या माणसाला मुदतीत वीस कागद गोळा करायला सांगणं हा विनोद कुणाच्या लक्षात आला नसावा. मी मुदत चुकवली. नकार आला.

आता खरी मेख ऐका. नुसत्या ड्रायव्हिंग लायसन्सवर छोटी विमानं उडवता येतात, त्याला स्पोर्ट पायलट म्हणतात. मेडिकल लागतच नाही. पण ज्याचा शेवटचा मेडिकल अर्ज नाकारला गेलाय, त्याला ती वाट बंद. म्हणजे मी अर्जच केला नसता तर निदान कागदोपत्री दार उघडं होतं.

गोळी सोडली का? नाही. विमानाशिवाय मी बरा आहे, गोळीशिवाय बायकोला विचारा. मित्राच्या छोट्या सेसना विमानात उजव्या सीटवर बसतो, रेडिओवर हात ठेवू देत नाही तो.

न्यूरोमावशी | १२ जानेवारी

मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे, अशी मूल्यमापनं करते. इथे लिहितेय ती सर्वसाधारण माहिती, तुमच्या मुलासाठी सल्ला नव्हे.

एडीएचडीसाठी एफएएने २०२३ मध्ये दोन रस्ते ठरवून दिले. एक फास्ट ट्रॅक. गेली ४ वर्षं एडीएचडीचं कुठलंही औषध नाही, ४ वर्षांत लक्षणं किंवा अडचणी नाहीत आणि दुसरा कुठला मानसिक आजार नाही, अशांसाठी. यात मानसशास्त्रज्ञ सविस्तर मुलाखत घेतो, जुने कागद वाचतो आणि अहवाल देतो. सगळं नीट जुळलं तर एएमई आपल्या दवाखान्यातच सर्टिफिकेट देऊ शकतो, फाईल वर पाठवावी लागत नाही.

दुसरा स्टँडर्ड ट्रॅक, बाकी सगळ्यांसाठी. औषध किमान ९० दिवस बंद हवं. मग हिम्सचं प्रशिक्षण घेतलेल्या न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे चाचण्यांचा संच. त्यासोबत लघवीचा नमुना, चाचणीनंतर २४ तासांच्या आत, औषध घेऊन तर बसला नव्हता ना हे पाहायला. खर्च हजारांत जातो, विमा सहसा देत नाही. निर्णय एफएए घेते.

चाचण्या म्हणजे काय असं लोक फार विचारतात. एकच उदाहरण देते. दर दोन-तीन सेकंदांनी एक आकडा ऐकू येतो. प्रत्येक नवा आकडा त्याच्या लगेच आधीच्या आकड्यात मिळवून उत्तर मोठ्याने सांगायचं. तीन, मग चार: तुम्ही म्हणता सात. मग पाच येतो, आणि जीभ 'बारा' म्हणायला धावते, कारण स्वतःचं सात डोक्यात घुमत असतं. उत्तर नऊ. आता हे कित्येक मिनिटं करा. टॉवरचं बोलणं चालू असताना आपलंच मगाशी बोललेलं डोक्यातून पुसून नवं धरायचं, हे कॉकपिटमध्ये रोजचं आहे. कॉगस्क्रीन नावाची संगणकावरची चाचणी तर वैमानिकांसाठीच बेतलेली आहे, त्यात तुमची तुलना वैमानिकांशीच होते. ॲपवर याचा सराव करून कुणी येऊ नका. आम्हाला कळतं, आणि मग निकाल कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

शिरीषताई, तुम्ही सांगताय तसं असेल तर मुलगा फास्ट ट्रॅकमध्ये बसावा. पण तीन गोष्टी तपासा: शेवटची गोळी नेमकी कधी घेतली, कॉलेजात परीक्षेला जादा वेळ वगैरे सवलत घेतो का, आणि मधल्या काळात नैराश्य, चिंता यासाठी कुणाकडे गेला होता का. आठवणीवर जाऊ नका. कागद मागवा.

आणि हे सगळ्यांसाठी: मेडिकलसाठी म्हणून चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. ज्याने लिहून दिलंय त्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय अजिबात नाही.

नभाचा_नाद | १३ जानेवारी

भारतात असाच नियम आहे का? भाचा बारावीत आहे.

पंखवाला | १३ जानेवारी

तिथे डीजीसीएचं, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाचं, वेगळं तंत्र आहे, आधी क्लास २ मग क्लास १ मेडिकल. एफएएचं फास्ट ट्रॅक तिथे लागू नाही. वेगळा धागा काढाल का? इथे दोन्हीची सरमिसळ झाली तर पुढे वाचणाऱ्याचा घोळ होईल.

शिरीषफूल | २ फेब्रुवारी २०२५

मंडळी, सगळ्यांचे आभार. मुलाने फॉर्म सबमिट केला नव्हता. हिम्स एएमईशी अर्धा तास बोलणं झालं. त्यांनीही न्यूरोमावशींसारखंच सांगितलं, आधी कागद आणा.

कागद आले, आणि मी तोंडघशी पडले.

औषधाच्या दुकानातून दहा वर्षांच्या नोंदींचं भेंडोळं मिळालं. नववीपर्यंत दर महिन्याची ओळ. मग कोरं. मग खाली एकटीच एक ओळ: मार्च २०२२, मेथिलफेनिडेट, ३० गोळ्या. मी म्हटलं हे दुसऱ्या कुणाचं तरी आलंय. मुलगा गप्प. मग म्हणाला, "आई, अकरावीत. सॅटच्या आधी. तूच आणून दिल्या होत्यास."

खरंच की. मीच. कॉलेज प्रवेशाची परीक्षा, घरात सगळे धास्तावलेले होते, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी महिनाभराच्या लिहून दिल्या. डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. न्हाणीघरातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या थर्मामीटरच्या मागे ती नारिंगी बाटली निघाली, लेबलासकट. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघांनी मोजल्या. बावीस.

म्हणजे आठ गोळ्या. त्या आठ गोळ्यांसाठी आता काय?

सरळमार्ग | २ फेब्रुवारी

आठ गोळ्या!! बाटली कचऱ्यात टाका आणि विषय संपवा.

न्यूरोमावशी | ३ फेब्रुवारी

बाटली टाकून नोंद जात नाही. ही गोळी अमेरिकेत शेड्यूल २ मध्ये येते, नियंत्रित औषध. दुकानातून बाहेर पडलेली प्रत्येक बाटली राज्याच्या नोंदवहीत असते. शिवाय माझ्यासारखी व्यक्ती मूल्यमापन करताना दुकानाच्या नोंदी मागतेच. 'नववीत बंद' असं लिहिलेलं आणि खाली मार्च २०२२ दिसलं, तर प्रश्न एडीएचडीचा राहत नाही, खरेपणाचा होतो.

आठ असो की ऐंशी, घड्याळ शेवटच्या गोळीपासून सुरू. त्याने ती मार्च-एप्रिलमध्ये घेतली असेल तर चार वर्षं एप्रिल २०२६ अखेर भरतील. घाई असेल तर स्टँडर्ड ट्रॅक आजही खुला आहे, ९० दिवसांची अट कधीच पूर्ण झालीय. पण वय २०, पोटापाण्याचा प्रश्न नाही. मी त्याची मावशी असते तर थांब म्हटलं असतं. (उरलेल्या गोळ्या मात्र घरात ठेवू नका, काही औषधाच्या दुकानांत परत घेतात.)

मेधावी_नाही | ३ फेब्रुवारी

सॅटसाठी गोळी आणून देणारी आई आणि त्यामुळे एक वर्ष मागे पडलेलं विमान. ताई, रागावू नका, पण मला तुमच्याबद्दल फार आपुलकी वाटायला लागलीय.

एक मात्र कळत नाही मावशी. गोळी घेऊन माझं लक्ष लागतं, न घेता लागत नाही. मग गोळी घेतलेला मी जास्त सुरक्षित नाही का? गोळी घेणाऱ्याला सरसकट नाही, आणि गोळी न घेता धडपडणाऱ्याला चाचणीची संधी. हे उलटं नाही वाटत?

न्यूरोमावशी | ४ फेब्रुवारी

वाटतं, थोडं. पण त्यांची बाजूही आहे. गोळीचा असर काही तासांनी उतरतो. उड्डाण लांबलं, डोस राहिला किंवा सीमेपलीकडे औषध मिळालं नाही, तर शेवटच्या तासाला कॉकपिटमध्ये गोळीशिवायचे तुम्ही बसलेले असता. शिवाय उत्तेजक औषधाने झोप, नाडीचे ठोके बदलतात, थकवा झाकला जातो. म्हणून ते गोळीशिवायच्या मेंदूची परीक्षा घेतात.

तुमचा मुद्दा उरतोच, की यामुळे ज्यांना औषधाची खरी गरज आहे ते ती लपवतात किंवा सोडून देतात. एफएएने मानसिक आरोग्यावर नेमलेल्या समितीने एप्रिल २०२४ मध्ये २४ शिफारशी दिल्या, त्यांच्या मुळाशी हीच भीती आहे.

टॅक्सीवे_ब्राव्हो | ६ फेब्रुवारी

मी एका रीजनल एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही, काकू.

इन्स्ट्रक्टर शेजारी असताना शिकायला मेडिकल लागत नाही. ते लागतं एकट्याने उडवताना. ते तास लॉगबुकात धरले जातातच.

आणि ग्लायडर! त्याला मेडिकल सर्टिफिकेट लागतच नाही, एकट्याने उडवायलाही नाही. एकच अट, आपल्याला सुरक्षित उडवता येणार नाही असं काही असल्याचं माहीत असताना उडायचं नाही. हे त्याने एएमईला आणि इन्स्ट्रक्टरला मोकळेपणाने विचारून घ्यावं. ग्लायडरवाला मुलगा पुढे विमान शिकायला आला की लगेच ओळखू येतो. पायाने रडर (शेपटीचं सुकाणू) मारतो. आम्ही इंजिनवर शिकलेले लोक आळशी पायांचे असतो.

शेवटचं: त्याला हे करिअर म्हणून करायचं असेल तर फ्लाइट स्कूलचं मोठं कर्ज काढण्याआधी थर्ड क्लासवर न थांबता फर्स्ट क्लास मेडिकल हातात असू दे. एअरलाइनच्या कॅप्टनला तेच लागतं. पन्नास हजार खर्चून मग अडकलेली मुलं मी पाहिलीयत.

शिरीषफूल | ८ फेब्रुवारी

ग्लायडरचं वाचून दाखवलं. "आई, इंजिनच नाही?" एवढंच म्हणाला आणि दार लावून घेतलं. दोन तासांनी बाहेर आला तो क्लबचं नाव घेऊनच.

शिरीषफूल | १९ ऑक्टोबर २०२५

धागा वर आणतेय, दोघातिघांनी विपूत (माझ्या विचारपूस पानावर) विचारलं म्हणून.

उन्हाळाभर लेक ग्लायडर क्लबात होता. ऑगस्टमध्ये एकटा उडाला. मी गेले होते. दुसरं विमान दोरीने ओढून वर नेतं, मग हा दोर सोडतो आणि काही ऐकूच येत नाही. वीसेक मिनिटांनी गवतावर उतरला, पंख एका बाजूला टेकला आणि तो आतच बसून राहिला. मला वाटलं काही बिनसलं. जवळ गेले तर वही काढून वेळ लिहीत होता. हाच मुलगा दुसरीत वही अर्धवट सोडायचा, असं मी मोठ्याने म्हणणार होते, नाही म्हटलं.

फॉर्म अजून भरलेला नाही. एप्रिल संपेपर्यंत भरणार नाही. मधल्या काळात फाईल जमतेय: कॉलेजची मार्कशीट, शाळेचे रिपोर्ट, दुकानाच्या नोंदी, बालरोगतज्ज्ञांची टिपणं. ते दुसरीतले दोन तक्ते मिळाले. बाईंचा आणि माझा. 'काम पूर्ण करत नाही' या ओळीवर बाईंनी 'कधीकधी' लिहिलंय. मी 'नेहमी'. काय विचार करत होते मी त्या दिवशी, कुणास ठाऊक.

मानसशास्त्रज्ञांची वेळ मे महिन्याची घेऊन ठेवलीय. त्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचं निवेदनही लिहायला घेतलंय. आठ गोळ्यांचा परिच्छेद मी लिहून देऊ का विचारलं, तर म्हणाला माझा मी लिहितो.

पंखवाला | १९ ऑक्टोबर

वा! फॉर्मवर त्या गोळ्यांची तारीख आणि निवेदनातली तारीख एकच असेल एवढं बघा. बाकी एप्रिलमध्ये भेटू.

अवांतर: याच आठवड्यात स्पोर्ट पायलटचे नवे नियम लागू होतायत, पूर्वीपेक्षा मोठी विमानं उडवता येतील. ज्यांचा अर्ज कधी नाकारला गेलेला नाही त्यांनी नक्की वाचा.

मेधावी_नाही | २० ऑक्टोबर

शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून लिहिलंत ना पंखवाला?

शिरीषताई, ग्लायडरला मागे एक सीट असते असं ऐकलंय. तुमच्या चिरंजीवांना प्रवासी नेण्याचं लायसन्स मिळालं की कळवा. मी गोळी घेऊन येईन, आणि रेडिओला हात लावणार नाही.